पेंडोपोतल्या खुर्च्या

११ मार्च १९०७

आज मला बाबांची लाज वाटली. हे वाक्य मोठ्याने म्हणायची या घरात सोय नाही, म्हणून लिहून ठेवतो.

सकाळी डच सरकारचे अंमलदार, कंट्रोलर मेलिंकसाहेब सायकलवरून आले. मी त्यांच्याच कचेरीत दुय्यम कामाला. त्यांना माझं घर बघायचं होतं. माझं घर म्हणजे बुपातींचा, जावातल्या या मुलखाच्या सरदारांचा, राजवाडा. पाच पिढ्या कालिरेजा परगण्याचं बुपातीपद आमच्याकडे आहे. डच आले, आमच्या डोक्यावर बसले, पण गादी आमचीच राहिली. बाबांचा हुकूम आजही डोंगरापासून समुद्रापर्यंत चालतो. हे सगळं मी मेलिंकना मोठ्या ऐटीत सांगत मागच्या बाजूला नेलं. तिथे तीस-चाळीस माणसं चिखलात उभी राहून तळ्याचा बांध रचत होती. बाबांच्या सोनेरी माशांसाठी. फुकट. बाहेर भात पिकून आडवं व्हायला आलंय, पाखरं मजेत खातायत, आणि ज्यांचं भात ती माणसं इथे.

आम्ही दिसताच सगळे होते तिथेच उकिडवे बसले आणि त्यांनी हात जोडून कपाळाला लावले. मधल्या दोघांच्या हनुवटीला पाणी लागलं, तरी बसले.

मेलिंक हळूच म्हणाले, "विर्या, हे तुला दिसतं का रे? की सवय झालीय?"

माझे कान तापले. "दिसतं, तुआन," मी म्हटलं. खरं म्हणजे आजवर दिसलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांनी बघितलं तेव्हा दिसलं. तेवढ्यात बाबा लवंगेची विडी ओढत बाहेर आले. त्यांच्या नोकराने, मांगुनने, त्यांच्यावर सोनेरी छत्री धरली होती. बाबा मेलिंकना म्हणाले, "या या! मासे बघा माझे. एकेक मासा तुमच्या सायकलपेक्षा महाग आहे."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

१५ मार्च

मेलिंकच्या बंगल्यावर जेवलो. टेबलावर, काट्याचमच्याने. पाव, चीज आणि उकडलेले बटाटे. मिठाशिवाय कशालाच चव नव्हती, पण मी दोनदा घेतलं.

मेलिंक माझ्याहून फार मोठे नाहीत. राजधानी बटावियाहून आलेलं नवं परिपत्रक त्यांनी मला वाचून दाखवलं. यापुढे जावाच्या माणसाने अधिकाऱ्यापुढे जमिनीवर बसायचं नाही, उकिडवं सरकत यायचं नाही. खुर्ची द्यायची. आणि बुपातींची वेठ बंद करायची. वाचताना त्यांचे डोळे चमकत होते. मला भरून आलं. आमच्या माणसांना खुर्ची द्यावी असं आमच्यातल्या कुणाला सुचलं नाही, ते हजारो कोसांवरच्या माणसाला सुचलं.

साखर कारखान्याचा बॉस्खेही जेवायला होता. जाडजूड माणूस, पण मनाने बरा असावा. त्याने आपणहून विचारलं, "तुझ्या वडिलांची वेठ थांबली तर किती माणसं मोकळी होतील? मेच्या आधी मोकळी होतील का?" कारखानदाराला गरिबांची एवढी कळकळ असेल असं मला वाटलं नव्हतं. मी अंदाजाने आकडा सांगितला. त्याने मेलिंककडे बघून मान डोलावली.

१९ मार्च

बाबांशी बोललो. बोललो कसला, झोडपून घेतलं.

मी खाली चटईवर बसलो होतो, ते खुर्चीत. आमच्यात मुलगाही बापापुढे खालीच बसतो. तिथून मी परिपत्रकाचं सांगितलं. बाबा हसले.

"खुर्ची दिली म्हणून माणूस उंच होत नाही रे. खुर्ची उंच असते. तुझ्या त्या सायकलवाल्याला विचार, तो त्याच्या राणीपुढे खुर्ची ओढून बसतो का?"

"बाबा, भात शेतात गळतंय. निदान कापणीपुरती तरी माणसं सोडा."

"तळं चार दिवसांत होईल."

"चार दिवसांत निम्मं पीक पाखरांच्या पोटात जाईल."

"मग सादिरान येईल आणि मला सांगेल. त्याला तोंड आहे." सादिरान हा त्या माणसांच्या खालच्या गावाचा मुखिया. "पस्तीस वर्षं ही माणसं मी बोलावतो. मी त्यांना जेवू घालतो, त्यांच्या लग्नात माझा गामेलानचा ताफा वाजतो, पूर आला तेव्हा माझी कोठारं मी उघडली. तुझा मेलिंक दोन वर्षांनी बदलून जाईल. त्याच्या घरी कोण जेवलंय? तू सोडून?"

कुणी चहाडी केली कोण जाणे. मी म्हटलं, "आपण त्यांना चिखलात बसवता आणि मला लाज वाटते."

एवढं तोडून मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. बाबांनी विडी विझवली. "लाज वाटते ना? वाटू दे. पण कुणापुढे वाटते ते एकदा बघ."

मी रात्री जेवलो नाही. बाबांना काळ कळत नाही. त्यांनी सादिरानला नुसतं विचारलं असतं तरी चाललं असतं. आणि तो येऊन सांगेल म्हणे! बुपातींना येऊन कोण सांगतो?

२७ मार्च

तळं झालं. पाऊस अवेळी आला आणि खालच्या गावचं भात झोपलं. मी मेलिंकना सगळं सांगितलं.

त्यांनी पुढ्यातले कागद बाजूला सारले. मग म्हणाले, "चौकशी करावी लागेल, आणि ती तू कर. मला भाषा धड येत नाही. माझ्यापुढे ते बाजारी मलय बोलतात आणि माझ्या बुटांकडे बघतात." पुढे त्यांनी आडपडदा ठेवला नाही. चौकशीत वेठ सिद्ध झाली तर त्यांचे वरिष्ठ रेसिडेंटसाहेब बाबांना तब्येतीच्या नावाखाली पायउतार व्हायला सांगतील. "मग गादीवर कोण, हा प्रश्न येतो. तू बसलास तर घराणं राहील आणि सुधारणाही होईल. तू नाही म्हणालास तर बाहेरचा कुणीतरी आणतील."

मला गादीचा मोह नाही. हे मी स्वतःच्या मनाशी स्वच्छ ठरवून लिहितोय. बाहेरचा माणूस येऊ नये, एवढंच.

२ एप्रिल

चौकशी झाली.

सादिरानच्या गावात चावडीवर बाकं मांडली होती. मी आग्रहाने सगळ्यांना बाकांवर बसवलं. बिचारे काट्यावर बसल्यासारखे बसले, पाय लोंबकळत, मान खाली. मेलिंक बाजूला बसून सगळं बघत होते. मी एकेकाला विचारत गेलो.

"तुम्हाला बुपातींच्या कामावर जबरदस्तीने नेतात का?"

"हो जी, राडेन."

"मजुरी मिळत नाही?"

"हो जी."

"यंदा त्यामुळे भाताचं नुकसान झालं?"

"हो जी."

"आता वेठ बंद व्हावी असं वाटतं?"

"हो जी, राडेन."

एकानेही आढेवेढे घेतले नाहीत. एका म्हाताऱ्याला मी नाव विचारलं तर तोही घाबरून "हो जी" म्हणाला. मेलिंक एवढे हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. मीही हसलो.

सादिरान शेवटी आला. त्यानेही सगळ्याला "हो जी" म्हटलं आणि मग तसाच उभा राहिला. "आणखी काही सांगायचंय?" मी विचारलं. तो माझ्या पायांकडे बघत म्हणाला, "कांजेंगना कळलं आहे का, राडेन विचारतायत ते?" राडेन म्हणजे मी, कांजेंग म्हणजे बाबा. सगळा मुलूख त्यांना तेच म्हणतो. मी म्हटलं, "कळेल." तो म्हणाला, "हो जी."

परतताना मेलिंक म्हणाले, "एकमताने! माझ्या नोकरीत असा स्वच्छ पुरावा बघितला नाही." मलाही हलकं वाटलं. सादिरानचा तो प्रश्न मात्र मी त्यांना भाषांतर करून सांगितला नाही.

१० एप्रिल

अहवाल वर गेला. आईला आज कळलं.

ती पानदान घेऊन बसली होती. माझं सगळं ऐकून घेतलं. मग सुपारी कातरता कातरता म्हणाली, "तू पाच वर्षांचा होतास तेव्हाचा तुझा खेळ आठवतो का रे?"

"कुठला खेळ?"

"माळ्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहायचास. 'तू बोकड आहेस का?' तो म्हणायचा, 'हो जी, राडेन.' 'तू भोपळा आहेस का?' 'हो जी, राडेन.' हसून हसून लोळायचास. मी तुला एकदा चापटही मारली होती त्याबद्दल."

मी म्हटलं, "आई, इथे खरोखरच नुकसान झालंय. भात झोपलेलं मी डोळ्यांनी बघितलंय."

"झालंच आहे. तुझ्या बापाला मी तळ्यापायी कमी बोलले का? पण तू त्यांना हे विचारलंस का, की बुपाती तुम्हाला बापासारखे आहेत का?"

"नाही."

"विचारायचंस. काय म्हणाले असते?"

ती उत्तरासाठी थांबली नाही. पिकदाणीत थुंकून म्हणाली, "मेलिंकला आपल्या रीती माहीत नाहीत, त्याचं सोड. तू तर इथे जन्मलास."

मेलिंकना जाऊन सांगावं असं मनात आलं. की त्या उत्तरांना काही अर्थ नाही, आमच्याकडे मोठ्या घरच्या माणसाला कुणी नाही म्हणत नाही. दारापर्यंत गेलोही. बंगल्यात बॉस्खे होता, आतून हसण्याचा आवाज येत होता. उद्या सांगेन.

११ एप्रिल

सांगितलं नाही.

१६ एप्रिल

आज सांगायला गेलो. मेलिंकनीच आधी सांगितलं की माझ्या अहवालाचं रेसिडेंटसाहेबांनी फार कौतुक केलं, सरकारी डच शाळेतून निघालेला इतका निर्भीड तरुण त्यांनी बघितला नाही म्हणे. त्यानंतर कसं सांगणार? वेठ खरी आहे, नुकसान खरं आहे. मग उत्तरं कशी का मिळेनात. दिवसभर हेच घोकतोय.

२८ एप्रिल

रेसिडेंटसाहेब येऊन गेले. तासाभरात सगळं उरकलं.

त्यांनी बाबांची पाठ थोपटली, प्रकृती सांभाळा म्हणाले. बाबांची प्रकृती माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. माझा अहवाल टेबलावर होता. बाबा डच वाचतात, हे फार जणांना माहीत नाही. त्यांनी उभ्या-उभ्या तो वाचला आणि खाली ठेवला. मला वाटलं आता माझ्याकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही. मांगुनला म्हणाले, "छत्री मिटव." मांगुनला कळेना. आम्ही सावलीत होतो, छत्री मिटलेलीच होती. "मिटव म्हटलं ना," बाबा पुन्हा म्हणाले. मग त्याने उघडून पुन्हा मिटली.

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीपाशी गेलो. "बाबा, बाहेरचा माणूस येऊ नये म्हणून..." एवढंच बोलू शकलो.

आतून ते म्हणाले, "जेवून घे जा. तुझी आई वाट बघतेय." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

१२ मे

मी बुपाती झालो. चौकातल्या वडाखाली नेमणूकपत्राचं वाचन झालं, तोफ उडाली. बाबा आणि आई मागच्या छोट्या घरात राहायला गेले. तळ्यातले मासे बाबांनी नदीत सोडले. मी त्यांना म्हणालो होतो की मासे राहू द्या. त्यांनी ऐकलं नाही.

वेठ बंद झाल्याची दवंडी मी स्वतः लिहून दिली. हा तरी आनंदाचा दिवस असायला हवा होता.

९ जून

बॉस्खे आला, सोबत मेलिंक. उसाची तोडणी सुरू झालीय. कारखान्याला माणसं हवीत. वेठीतून सुटलेली जी माणसं, तेवढीच. मी मार्चमध्ये जेवताना सांगितलेला आकडा त्याने जसाच्या तसा म्हणून दाखवला.

"याला मजुरी आहे," मेलिंक म्हणाले. "ही वेठ नव्हे. हा करार आहे. तू फक्त मुखियांना सांगायचं."

मी विचारलं, "आणि कुणाला यायचं नसेल तर?"

"विचारून बघ ना," बॉस्खे म्हणाला. "तुला विचारता चांगलं येतं."

मेलिंक हसले नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटतं त्यांनाही ते आवडलं नसावं. तरी मी करारावर सही केली.

दुपारी सादिरानला बोलावलं. मी त्याला खुर्चीवर बसायला सांगितलं, बसला. कारखान्याचं सांगितलं.

"पूर्वी दर पाचव्या दिवशी, बाजाराच्या वारी, एक दिवस वेठीला जायचो, कांजेंग," तो म्हणाला. आता मी कांजेंग. "आता रोज?"

"तोडणी संपेपर्यंत. पैसे मिळतील."

"हो जी. दिवसा कालव्याचं पाणी उसाला असतं, आमच्या शेताला रात्री. दिवसा ऊस तोडायचा, रात्री पाणी धरायचं. झोपायचं कधी, ते माणसं विचारतील."

मला एकदम संताप आला. त्याच्यावर नव्हे, पण निघाला त्याच्यावरच. "मग नाही म्हणा ना! मी समोर बसलोय, खुर्ची दिलीय, तोंड आहे तुम्हाला! एकदा तरी नाही म्हणा!"

सादिरान खुर्चीवरून उतरून खाली बसला. कपाळाला हात लावले.

"हो जी, कांजेंग," तो म्हणाला.

१७ जून

आज माझा पहिला जाहीर दरबार होता. आजच लिहिलं पाहिजे. उद्या मी यातलं काहीबाही बदलेन.

पेंडोपोत, म्हणजे वाड्यापुढच्या खांबांच्या उघड्या मंडपात, मेलिंकनी खुर्च्या मांडून घेतल्या होत्या. माझी मधोमध, त्यांची उजवीकडे, बॉस्खेची मागे, आणि समोर येणाऱ्या माणसासाठी एक रिकामी. अंगणात खालच्या गावांतली माणसं होती, बरीचशी कारखान्यातून थेट आलेली, हातापायांना उसाची काजळी. मुखिये येत होते, खुर्चीवर टेकल्यासारखं करून बोलत होते, जात होते. मेलिंक खूश होते.

मग पायऱ्यांपाशी हालचाल झाली. बाबा आले होते.

साधं तपकिरी बाटिक, अंगात काळा सदरा, छत्री नाही, मांगुन नाही. मला वाटलं भेटायला आले. चालत येतील, मी पुढे जाईन, हे सगळं कसंतरी निभेल. बाबा पहिल्या खांबापाशी आले आणि खाली बसले. उकिडवे. मग एक गुडघा पुढे, दुसरा गुडघा पुढे, असे फरशीवरून सरकत माझ्याकडे येऊ लागले. प्रजेतला माणूस बुपातींकडे येतो तसे. ही रीत त्यांनी पस्तीस वर्षं दुसऱ्यांकडून करून घेतली. स्वतः कधी केली असेल ती आजोबांपुढे, तरुणपणी. त्यांचे गुडघे वाजत होते. एवढा मोठा पेंडोपो, पण तो आवाज मला ऐकू येत होता.

मी उठायला हवं होतं. त्यात विचार करण्यासारखं काहीच नाही. कुणाचाही मुलगा उठला असता. मी खुर्चीचे हात धरून बसलो, कारण बुपाती उठला तर सगळी सभा उठेल, मेलिंक काय म्हणतील, बॉस्खे काय म्हणेल, एवढं सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं आणि तोवर बाबा समोर पोचले. त्यांनी हात कपाळाला लावले. मला.

जन्मापासून बाबा मला 'तू' म्हणत आले. आज ते म्हणाले, "कांजेंग, मी म्हातारा आपल्या पायाशी आलो आहे. डोंगराकडे बहिणीच्या गावी कायमचं राहायला जावं म्हणतो. आपली परवानगी असावी."

टोमणा असता तर मी समजू शकलो असतो. आवाजात टोमणा नव्हता. बाबा नियम पाळत होते.

मेलिंक माझ्या कानाशी आले. "त्यांना खुर्ची दे. विर्या, नियम आहे. सगळे बघतायत. हे बसलेले दिसले की सुधारणा पक्की झाली."

मी म्हटलं, "बाबा, वर बसा."

बाबांनी मान हलवली नाही. "माझी जागा मला माहीत आहे. पण कांजेंगांचा हुकूम असेल तर बसतो."

"बाबा..."

"हुकूम आहे का?"

मेलिंकनी माझ्या दंडाला हलकेच बोट लावलं.

"हुकूम आहे," मी म्हटलं.

बाबा उठले, खुर्चीवर बसले. ताठ, पाठ न टेकता, गुडघ्यांवर हात ठेवून. इतका रुबाब मला सात जन्मांत जमणार नाही. क्षणभर त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं, अहवाल वाचला त्या दिवशी बघितलं नव्हतं तसं, आणि मी नजर खाली घातली.

"हुकूम पाळला," ते म्हणाले. "आता जाण्याची आज्ञा असावी."

मला म्हणायचं होतं, जाऊ नका. मला म्हणायचं होतं की चूक झाली, ती उत्तरं खोटी होती, मला तेव्हाच ठाऊक होतं. मेलिंकपुढे, बॉस्खेपुढे, एवढ्या माणसांपुढे हे कसं म्हणायचं, ते मला कुठल्याच शाळेत शिकवलेलं नाही.

"आज्ञा आहे," मी म्हटलं.

बाबा खुर्चीवरून उतरले, पुन्हा उकिडवे बसले, आणि माझ्याकडे पाठ न करता, मागे मागे सरकत, सगळा पेंडोपो पार करून गेले. मध्ये एकदा तोल गेला, हात टेकला, पुन्हा सरकले. कुणी मदतीला धावलं नाही. मी बसलेला असताना कोण धावणार?

मेलिंक म्हणाले, "म्हाताऱ्यांना वेळ लागतो. शिकतील." आणि पुढच्या माणसाला खूण केली.

मी अंगणाकडे बघितलं. काजळीने काळी झालेली ती सगळी माणसं जमिनीवर बसली होती. एकानेही मान वर केली नव्हती. माझ्यावर उपकार म्हणून असेल, किंवा बाबांचा मान म्हणून. माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं, एवढं खरं.